वजन आणि तोल

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर माझा चष्मा,
तिसरा कोपरा सारखा गुंडाळत येतो,
त्यावर प्रेबेननं कोपर टेकलंय.
सॉनरबोर्ग ते ल्युबेक.
मुलाची शाळेतली पट्टी, तिच्यावर शाईत त्याचं नाव,
आणि पेन्सिलीची एक रेघ:
फ्योर्डवरून, कीलच्या कालव्यावरून,
प्लोनच्या तळ्यांना वळसा न घालता
विटांच्या त्या शहरापर्यंत.

"बावन्न मिनिटं," तो म्हणतो.
"वारा समोरून असला तर सत्तावन्न."

आई याच वाटेनं आली होती, उलट दिशेनं,
नऊ वर्षांची, शहर जळालं त्या वसंतात.
थोडी आगगाडी, थोडी घोडागाडी, बाकी पाय.
अकरा दिवस लागले, असं आई सांगायची.
मावशी म्हणायची, चारच.
रेघेला विचारून उपयोग नाही.
रेघेला वाटेत चौकी लागत नाही,
कुणाच्या गोठ्यात काढलेली रात्र लागत नाही,
तहानही लागत नाही.

विमान आमच्या लग्नाहून दोन वर्षांनी मोठं.
सहा जणांत मिळून एक विमान, एक गळकी किटली.
एकतीस वर्षं तो त्यात उडतोय,
मी एकदाही बसले नाही.
आधी मुलं लहान होती, मग गुडघा,
मग नुसतीच सवय.

आता तक्ता. इंधन, किती लिटर, वर अर्ध्या तासाचं शिलकीत.
वैमानिक: ब्याऐंशी किलो.
(चौऱ्याऐंशी आहे. मी काही बोलत नाही.)
प्रवासी:
पेन्सिल थांबते.
"खरं सांग. विमानाशी खोटं बोलून चालत नाही."
हा आकडा मी त्याला कधीच सांगितला नव्हता,
दोन्ही बाळंतपणांत नाही, दवाखान्यातही
त्याला बाहेर पाठवूनच काट्यावर चढायची.
सांगितला.
त्यानं भुवईही न हलवता लिहून घेतला,
आणि मग खोडरबर शोधून
गुपचूप स्वतःचे दोन किलो वाढवले.

सामान: एक पिशवी, दोन छत्र्या.
"येताना मार्झिपान," तो म्हणतो. "तेही धरायला हवं. दोन किलो?"
आईनं ते आयुष्यभर तोंडात घातलं नाही.
ख्रिसमसला कुणी आणलंच
तर गुलाबी डुकरं आम्हा मुलांना,
आणि डब्यावरचा कागद, ज्यावर शहराचं चित्र असायचं,
तो शेगडीत.
"अर्धा किलो," मी म्हणते.

शेवटून दुसरा रकाना: पर्यायी विमानतळ.
जिथं निघालो तिथं उतरता आलं नाही, तर कुठं.
प्रेबेन 'कील' लिहितो, सहज,
जणू प्रत्येकालाच असा एक रकाना मिळतो.

त्याच्या परवान्याची मुदत ऑक्टोबरपर्यंत.
डॉक्टर स्कोउंनी पुढचा कागद काढलाच नाही,
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
हे त्यानं मला एकदाच सांगितलं, गाडी मागे घेताना,
म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.
तेव्हापासून आमच्या बोलण्यात 'पुढच्या वर्षी' येत नाही.
'शनिवारी' येतं.

शनिवारी ढग किती खाली, ते शुक्रवारी रात्री कळेल.
तिथल्या मोठ्या चर्चमध्ये घंटा
पडल्या तिथंच ठेवल्यात म्हणे,
फुटलेल्या, फरशीत रुतलेल्या.
त्या पडताना आईला ऐकू आल्या होत्या का,
हे मी कधी विचारलं नाही.
विचारायचं राहून गेलेलं किलोत मोजत नाहीत,
मी तक्ता दोनदा पाहिला.

प्रेबेन नकाशाची घडी घालतो, नेहमीसारखी चुकीची.
मी उलगडून पुन्हा घालते.
"ओव्हेला फोन कर, किल्ली त्याच्याकडे असेल."
शनिवारी सकाळी फक्त चहा घेईन, असं ठरवते.
मग ते रद्द करते.
दोन पाव, लोणी, वर चीज, रोजचंच.
आकडा आता सांगून झालाय.